बिबड्यांची राखण

रात्रीच्या प्रार्थनेत परीक्षेची ओळ आली
की ओबेद एक डोळा उघडतो.
"आई, रोज सांगतो ना आपण,
परीक्षेत आणू नकोस म्हणून?
मग तिसरीची परीक्षा सोमवारी कशी?"

मी म्हटलं, ती परीक्षा वेगळी रे. ही मोहाची.
तिर्झा लगेच उठून बसली,
"मोह म्हणजे तळोद्याच्या मावशीकडचं झाड!
पहाटे खाली फुलंच फुलं,
मी परकर भरून आणली होती, गोड."
गोडच असतो, म्हटलं मी,
आणि पुढे काय बोलावं ते सुचेना.

मग रानातली गोष्ट सांगितली.
चाळीस दिवस, उपाशी, आणि समोर दगड.
भुसावळच्या पोरांना रान समजावून सांगावं लागत नाही,
एप्रिलात गच्चीवर चप्पल विसरली की कळतं.
"सैतानाला माहीत होतं त्याला भूक लागलीय ते?"
हो. म्हणून तर भाकरीचंच बोलला.
"शेवभाजीचं बोलला असता तर?"
झोप आता.

शनिवारी बिबडे घातले.
ज्वारीचा चीक, लसूण, तीळ,
ओल्या धोतरावर चंद्रांमागून चंद्र.
ईस्टरला तळायचे, तोवर कुणी हात लावायचा नाही,
आणि तुम्ही दोघं राखणीला.
सिंधूकाकू कठड्यावरून म्हणाली,
"खाऊ दे व माय, लेकरंच ती."
तिचंही खरं होतं.
अर्धवट सुकलेला बिबडा
चावायला जसा लागतो
तसा तळलेला कधीच लागत नाही.

दुपारी मोजले तर पाच कमी.
दोन ओबेदने खाल्ले. विचारायच्या आधीच सांगितलं,
ओठाला तीळ चिकटलेला होता.
तीन कावळ्यांनी नेले,
कारण तिर्झा पाठ करून बसली होती.
"बघितलं असतं तर खाल्लं असतं ना मी!"
आता कुणाला रागवायचं?
कुणाला शाबासकी द्यायची?
रविवारच्या शाळेत बारा वर्षं शिकवतेय,
याचं उत्तर कुठल्या वहीत नाही माझ्या.

सुमंत ड्यूटीवरून आला, मालगाडी सोडून,
डोळे कोळशाच्या धुळीने लाल.
सगळं ऐकून घेतलं, हसला,
आणि अंघोळीआधीच पायरीवर बसून म्हणाला,
"काल आचेगावच्या अलीकडे सिग्नल लाल होता.
रात्रीचे दोन. माणूस नाही, कुत्रं नाही,
घर इथून दोन स्टेशनं.
चाळीस मिनिटं उभा होतो."
"कुणी बघत नव्हतं?"
"कुणीच नाही."
"मग?"
"मग काय. पुढे काय आहे ते मला दिसत नव्हतं.
सिग्नलला माहीत होतं."
ओबेद खूप वेळ गप्प.
"आणि भूक लागली तर?"
"डब्यात तुझ्या आईचे मागच्या वर्षीचे बिबडे होते."

दुसऱ्या दिवशी तिर्झाने
सिंधूकाकूकडून टिकल्यांचं पाकीट आणलं.
आमच्या घरात टिकली कोण लावतं?
बिबड्यांच्या पिंपाला एक, गुळाच्या बरणीला एक,
आणि एक, मला न विचारता,
चहाच्या डब्यावर.
चाळीस दिवस चहा सोडलाय मी,
हे चर्चमध्ये सगळ्यांना सांगून झालंय.
मंगळवारी सिंधूकाकूकडे अर्धा कप घेतला
हे फक्त तिर्झाने पाहिलंय.
ती काही बोलली नव्हती.

आज रात्री दोघं झोपलीत,
सुमंत पुन्हा गाडीवर.
लांब यार्डात डबे एकमेकांना धडकतात
आणि मी अंधारात फळीपाशी उभी.
दिवा लावला नाही. डबा हाताला सापडतोच.
झाकणावर अंगठा फिरतो,
टिकलीचा तो बारीकसा उंचवटा लागतो.
अंधारात तिचा रंग दिसत नाही.

थांबलेय.
किती वेळ, ते सकाळी
पोरं विचारतील तर सांगेन.