पत्र्याखालची विमानं

किट उघडायचं नसतं.
झाकण जरासं उचलायचं,
करड्या चौकटीत अडकलेले पंख, चाकं,
तांदळाएवढा वैमानिक, भाग क्रमांक सदतीस,
नव्या प्लास्टिकचा वास एकदा घ्यायचा
आणि झाकण पुन्हा बसवायचं.
हे मला मल्लिनाथ हत्तुरेनं शिकवलं.

होटगी रोडला धावपट्टी कित्येक वर्षं नुसती पडून होती.
वाऱ्याची पिशवी, कुंपण, पाटी, सगळं जागच्या जागी.
रविवारी स्कूटर लावून आम्ही बघत उभे राहायचो.
मल्लिनाथ म्हणायचा,
ह्यांनी पण किट उघडलं नाही बघ अजून.

तसा मी अर्धवट सोडणारा माणूस नव्हे.
तीस वर्षं जॅकार्डची कार्डं पाडली.
एक भोक चुकलं तर मोराची चोच मानेत जाते,
आणि ती मान पाचशे चादरींवर जाते.
एकही मोर मी चोचीवाचून सोडला नाही.
पण ते काम होतं, त्याला गिऱ्हाईक होतं.
विमानाची वाट कुणीच बघत नव्हतं.
म्हणून घेत गेलो.
पगार झाला की एक, बोनसला तीन,
गिरणी बंद पडली त्या महिन्यात, का कोण जाणे, सात.

पार्सल अशोक चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडं यायचं.
घरी सांगायचो, मल्लिनाथची आहेत,
त्याच्याकडं जागा नाही, ठेवायला दिलीत.
आणि मल्लिनाथ त्याच्या घरी सांगायचा,
गड्डमची आहेत.
असे आम्ही दोन प्रामाणिक माणसं,
एकमेकांचा माल सांभाळत वीस वर्षं.

तो गेला माघात.
महिन्याभरानं सुवर्णावहिनी रिक्षातून उतरल्या,
दोन डबल चादरींची दोन गाठोडी घेऊन.
मोर माझाच होता, एकोणनव्वद सालचा.
आत त्रेचाळीस किटं.
‘तुमची वस्तू तुम्हाला पोचती केली, भाऊजी.
ते नेहमी सांगायचे, गड्डमची आहेत, हात लावू नका.
मी कधी धूळसुद्धा झटकली नाही.’

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला.

वहिनी चहा घेऊन गेल्या.
बायकोनं तेलुगूत विचारलं,
म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.
‘ही तुमची. मग वरची चौऱ्याऐंशी त्यांची.
ती कधी पोचवायची?’

मी काही बोललो नाही.
कॅलेंडरच्या मागं हिशेब केला.
एकशे सत्तावीस, एकाला चार महिने,
बेचाळीस वर्षं आणि वर चार महिने.
मला एकसष्टावं चालू आहे,
डाव्या डोळ्यात फूल पडायला लागलंय,
आणि डिंक आपल्याकडं एप्रिलमध्ये
ट्यूबमधून निघायच्या आधीच वाळतो.

संध्याकाळी शिडी लावून माळ्यावर गेलो.
पत्रा अजून तापलेला.
भिंतीकडचं एक काढलं, सर्वांत जुनं,
ज्याच्या खोक्यावर निळं आभाळ छापलंय.
आत दोन्ही पंख वाकले होते,
उन्हात विसरलेल्या पापडासारखे,
एक वर, एक खाली,
जणू विमान कधीचं वळण घेतंय
खोक्यातल्या खोक्यात.

खाली आणून दाखवलं.
बायकोनं पंख उजेडात धरला.
‘उडतं का हे, जोडल्यावर?’
‘नाही.’
‘एकही?’
‘ही उडायची नसतात.’

तिनं ते खोकं टॉवेलच्या गठ्ठ्यावर ठेवलं,
हात पदराला पुसला.
‘पत्र्याखाली नकोत.
गाद्यांचं कपाट रिकामं करते.
कुणाची, ते मग बघू.’

रात्री अकरापर्यंत आम्ही उतरवत होतो.
मी वरून द्यायचो, ती खालून घ्यायची
आणि प्रत्येक झाकणावरचं नाव वाचायची,
अक्षर लावत, चुकीचं,
मोठ्यानं.