मनगटाचा फोटो

डावा हात ठेव, म्हणते मी, पालथा, बोटं जरा फाकवून.
तो ठेवतो. प्लेट गार लागते म्हणून हसतो.
आजचा हा तिसरा. बाहेर बाकड्यावर अजून नऊ.
हवालदार घोसाळकर त्यांना मोजतात
आणि दर वेळी दहा भरतात,
कारण त्यात एक आमच्या वॉर्डबॉयचा पोरगा आहे,
शाळेला दांडी मारून आलेला.

बैंगनवाडीच्या पोटमाळ्यावरून उतरवलं त्यांना सकाळी.
पंचनाम्यात आहे : उंची चार फूट, बल्ब एक, खिडकी नाही.
अड्ड्यावर ताणलेली कुणाच्या तरी लग्नाची ओढणी
अर्ध्या टिकल्यांनिशी तशीच राहिली असेल.

नाव? नसरुल. गाव? सीतामढीच्याही पुढे.
वय?
तो दाराकडे बघतो, मग पाठ केलेलं म्हणतो : अठारह.
आवाज अजून फुटलेला नाही.

कायद्याला वय लागतं.
चौदाच्या आत असेल तर कसलंच काम नाही,
वर असेल तर धोक्याचं तेवढं नाही,
आणि घरचंच असेल, शाळा सुटल्यावर, तर चालतं,
म्हणून त्या माळ्यावर सगळे मालकाला मामू म्हणतात.
दाखला पुरात गेला.
मग साक्षीला येतं हाड.

फिल्म उजेडावर धरते.
मनगटातली खड्यांसारखी हाडं, शेवटचं वाटाण्याएवढं,
आणि वर, लांब हाडाच्या टोकाशी, अंधाराची बारीक रेघ.
ती फट मिटलेली नाही.
म्हणजे वाढायचंय अजून. ह्याहून जास्त मला वाचता येत नाही.

पण तर्जनीत हे काय, हाडाहून पांढरं?
आरीची नोक, तो म्हणतो. टूट गई थी. पिछली ईद से पहले.
दुखतं?
जाड़े में.

रिपोर्टाच्या छापील कागदावर त्याला रकाना नाही.
मी समासात बाण काढते.
डॉक्टर लिहितील : अंदाजे तेरा ते पंधरा.
त्या 'ते'मध्ये वकील पाट मांडून बसेल.

दहाव्या वर्षी मी ससून डॉकला कोळंबी सोलायचे,
पहाटे, बर्फात हात घालून, आईच्या शेजारी.
त्याला काम म्हणत नसत, हातभार म्हणत.
माझ्या बोटांचा फोटो कुणी मागितला नाही.
अजून कोळंबी विकत घेताना मी सोललेली घेत नाही.

फोटो अम्मी को भेजोगी?
नाही रे, पुरावा आहे तो. कोर्टात जाईल.
तो विचार करतो. चेहरा तो आया ही नहीं, म्हणतो.

पुढचा!
रांगेतून वॉर्डबॉयचा पोरगा घुसतो,
हात ठेवतो, पालथा, बोटं फाकवून.
अंगठ्याला शाई.
हाकलते त्याला. शाळा नाही का रे तुला?

प्लेटवर दोन पंजे उमटलेत घामाचे, एकात एक.
स्पिरिटचा बोळा घेते.
घोसाळकर बाहेर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलेत.