बिनदिव्याचा टांगा

शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म एक जूनचा.
मास्तरांनी अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्माला घातला होता,
शाळा भरायच्या सोयीनं.
एकोणसत्तर वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही.
मग नात, महेक, केकवरचं नाव लिहिता लिहिता म्हणाली,
आजोबा, खरा कधी?

म्हणून जोडपत्र अ.
दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, थुंकी लावून.
राहणार रविवार पेठ,
वडिलांचं नाव दस्तगीर बाबालाल शिकलगार,
आडनाव धारेचं, धंदा टांग्याचा.
साल छप्पन. महिना ठाऊक नाही.
आई एवढंच सांगायची,
रंकाळ्याकडनं गार वारं सुटलं होतं
आणि मोगरी घोडी तिच्यापेक्षा जास्त धापा टाकत होती.
हे अर्जात लिहिलं नाही. रकाना नव्हता.

तिसाव्या दिवशी उत्तर आलं, एका ओळीचं:
सदर नोंद अभिलेखात आढळून येत नाही.
किती सभ्य वाक्य.
कुणी हरवलं असं नाही, कुणी जाळलं असं नाही,
वाळवी, पूर, आळस, कुणाचंच नाव नाही.
जसा काही मीच
नीट आढळलो नव्हतो.

अपील केलं.
तारखा घेत, जिने चढत, उतरत
एवढं शिकलो की बाप सरकारी वहीत
तीन माणसं असतो:
दस्तगीर, दस्तगिर,
आणि एका घाईतल्या कारकुनाचा दस्तूर.
तिघांनाही शोधावं लागतं.
तिघांचीही फी वेगळी.

रेकॉर्ड रूमच्या मगदूम बाई
नाकाला पदर लावून रुमाल सोडतात,
लाल फडकं, आत पिवळा पाचोळा.
तिसऱ्या शुक्रवारी म्हणाल्या,
"काका, जन्माचं पुस्तक काय गावंना.
पर टांग्यांच्या दंडाचं हाय. बघतासा?"

टांगा नंबर दोनशे चौदा.
नऊ नोव्हेंबर, रात्री दोन, बिंदू चौक.
दिवा न लावता भरधाव, थोरल्या दवाखान्याकडे.
उतारू: एक स्त्री.
भाडे: घेतले नाही असे सांगतो.
कारण विचारता: घाई.
दंड बारा आणे.

खाली अंगठा.
शाई उजवीकडे फरफटलेली,
हात कागदावरनं निघून गेला होता
अंगठा उठायच्या आधी.

अब्बांना मी घाईत कधी बघितलं नाही.
जेवताना नाही, नमाजाला जाताना नाही,
मोगरी गेली त्या दिवशीही
सामान उतरवून, पुसून, खुंटीला लावून
मग बसले होते.

"ह्येनं जन्म शाबीत हुत न्हाई," मगदूम बाई म्हणाल्या.
माहीत आहे.
"बाई कोण, त्ये बी लिवल्यालं न्हाई."
खरंय. टांगेवाला होता तो,
कुणाचीही लेक असेल, कुणाचीही बायको,
रात्री दोनला पेठेत कळा
एकाच घरात येतात असं थोडंच आहे.
मी दोन नकला मागितल्या.
पानाला दोन रुपये, शिक्का वेगळा.
एक महेकला, एक अशीच.

बाई शिक्का मारताना थोड्या थांबल्या.
"फुकट नेलंन," म्हणाल्या, "आनि वर दंड."
मग जोरात मारला.

बाहेर पडलो तेव्हा दिवेलागण झाली होती.
गेटसमोर ट्रॅफिकचा हवालदार
एका पोराची पावती फाडत होता,
हेडलाइट बंद, पोरगं काहीतरी
हातवारे करून सांगतंय.
नकला काखेत धरून
मी वाकून बघितलं,
मागच्या सीटवर कोण आहे.