मक्याचा दाणा

नोव्हेंबरात बुडालेला सूर्य वारडोत
थेट जानेवारीत उगवतो.
तेवढे आठवडे आम्ही बेटावरची माणसं
दुपारचे बारा घड्याळात बघून ओळखतो.
शनिवारी अकराला मी वाचनालय उघडते.
बुटांवरचा बर्फ झटकत मुलं येतात,
पायमोजे रेडिएटरवर वाळत घालतात,
आणि लोकरीच्या त्या ओल्या वासात
मी पुस्तक उलटं धरते,
चित्रं त्यांच्याकडे, कोरी पाठ माझ्याकडे.
मजकूर मला पाठच आहे. चुकले तर तीच सांगतात.

मला कोणी असं वाचून दाखवलं नव्हतं.
आई मासे कापायच्या कारखान्यात,
रात्री तिची बोटं
पान उलटण्याइतकीही वाकायची नाहीत.
पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून म्हणायची, तूच सांग.
हे मी तक्रार म्हणून सांगत नाही.

या वेळची गोष्ट एका दीपस्तंभाची.
त्याला झोप येते. एवढीच गोष्ट.
शंभर वर्षं डोळा मिटला नाही,
एक रात्र तरी?
मग समुद्रातले जीव पाळ्या लावतात:
जेलीफिश लुकलुकते, हेरिंगचा थवा अंग चमकवतो,
एक म्हातारा खेकडा कंदील आणतो.
कुठून, ते पुस्तकात नाही.
दर वेळी कोणीतरी विचारतंच.

आणि गोष्टीसोबत खाऊ.
फार काही नाही. सकाळी उभ्याउभ्याच
चीजचे चौकोन नि लाल ढोबळी मिरचीचे तुकडे
काडीत ओवले,
पांढरा पट्टा, लाल पट्टा, पांढरा, लाल,
आणि सगळ्यात वर मक्याचा एक दाणा.
सतरा दीपस्तंभ. ताटभर किनारा.
दोन कलले होते. असू दे म्हटलं, वादळ.

बिर्कने पहिलं पान उलटायच्या आत तीन संपवले.
यूरिडने मिरची काढून माझ्या तळहातावर ठेवली.
हेवानला अजून नॉर्वेजियन बोलता येत नाही,
पण खेकड्याच्या पानावर ती सगळ्यांच्या आधी हसते.
ती एकेक पट्टा चाटून बघत होती.

आयलिफने चीज खाल्लं, मिरची खाल्ली,
काडी चोखली,
आणि दाणा मुठीत धरून बसून राहिला.
“आवडत नाही का रे?”
“आवडतो. पण बाबा अजून बोटीवर आहेत.”

सत्तावीस वर्षं मुलांना गोष्टी वाचून दाखवते आहे,
त्या क्षणी माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.
तो उठला, अनवाणीच खिडकीपाशी गेला,
समुद्राकडच्या चौकटीत दाणा ठेवला,
मग जरासा डावीकडे सरकवला.
तिथून बंदराचं तोंड दिसतं.

“मक्याचा काही उजेड पडत नाही,” बिर्क म्हणाला.
“माहितीये,” आयलिफ म्हणाला,
लहान मुलाची समजूत घालावी तसं.
दोघंही सहा वर्षांचे.

सोमवारी तूर्दिस फडकं घेऊन आली.
उंदीर होतील, म्हणाली.
होऊ देत, मी म्हटलं, बोट गुरुवारी येते.
तिने माझ्याकडे पाहिलं, दाण्यांकडे पाहिलं,
आणि बेटाला वळसा घालावा
तसं फडकं फिरवलं.

गुरुवारी बापाचं बोट धरून आयलिफ आला.
बापाच्या अंगाला डिझेलचा, कॉडच्या खवल्यांचा वास,
काखेत एक पुस्तक, तारीख उलटून महिना झालेला.
दंड किती, तो विचारत होता.
पोरगा तोवर खिडकीपाशी.
दाणा सुकून दुधाच्या दातासारखा झाला होता.
त्याने तो तोंडात टाकला, कडकन फोडला,
आणि वळून आम्हाला सांगितलं,
“मालवला.”

चौकटीत अजून तीन दाणे आहेत.
ते कोणी, कधी ठेवले, मला दिसलं नाही.
कोणासाठी, ते मी विचारलेलं नाही.