आवक, जावक

हळदीचा सौदा सुरू झाला की
डाव्या भुवईमागं कुणीतरी खिळा ठोकतं.
एका डोळ्यानं पोती मोजते.

आवटींच्या मेडिकलात आता चिठ्ठी मागत नाहीत.
आधी अर्धी पुरायची,
मग एक, मग सौद्याआधीच दोन.
ठणका इथंच, फक्त मी
कृष्णेपलीकडं.

मिरजेत मुजावर डॉक्टरीणबाईंनी
पर्स टेबलावर उपडी करायला लावली.
अकरा रिकाम्या पट्ट्या. रागावल्या नाहीत.
म्हणाल्या, "आता गोळीच डोकं दुखवतीय.
एकदम सोडायची नाही, उतरवू हळूहळू.
रोजचं लिहून ठेवा."

लिहिणं तर माझं पोटापाण्याचंच.
खतावणीच्या मागच्या पानावर
आवक, जावक.

मंगळवार: दीड. दुखलंच.
अर्धं शटर ओढून अंधारात बसले
आणि मालकांना पहिल्यांदा
खरं कारण सांगितलं.