श्रिंकेज

सोमवार. उद्यमनगर बंद.
पलीकडच्या ग्राइंडरचा सूर नाही,
म्हणून घरातली कुरकुर नीट ऐकू येते.
कॉम्प्युटर सुरू केला, चहा टाकला,
उकळला, गाळला, दोघांनी प्यायला,
तरी पडद्यावरचं ते चक्र फिरतंच आहे.
कुमुद म्हणते, टाका की आता हे धूड.
मी म्हणतो, पट्टा तुटला म्हणून
लेथ टाकतंय होय कोण?

सामान शनिवारीच आणलं होतं.
राजारामपुरीत, जिन्याखालच्या दुकानात
अफरोज मुजावर बसतो. मुलाच्या वयाचा.
त्यानं दिलेली रॅमची पट्टी घरी येऊन बसवायला गेलो
तर बसेना.
अंगठ्यानं जोर लावणार, तेवढ्यात हात आपोआप थांबला.
चाळीस वर्षं सागवानात पॅटर्न कोरलेत,
न बसणाऱ्या वस्तूला दाबायचं नसतं, विचारायचं असतं.
ट्यूबखाली धरली.
खाच दोन सूत बाजूला.
मुद्दाम ठेवलेली,
चुकीची पट्टी चुकीच्या घरात जाऊ नये म्हणून.
मीसुद्धा कोअरप्रिंटला असाच एक कान ठेवायचो,
मोल्डरनं घाईत उलटं बसवू नये म्हणून.
कोण असेल हा खाचवाला, कुठल्या देशातला,
भेटला तर हात बघेन त्याचे.

रविवारी परत गेलो.
"काका, ही चौथ्या पिढीची. तुमचं घर तिसऱ्या पिढीचं."
मग एका पतसंस्थेच्या मोडीत निघालेल्या मशीनमधल्या
दोन पट्ट्या त्यानं काढल्या,
शाळेच्या खोडरबरानं सोनेरी दात घासून दिले.
कुणाकुणाच्या ठेवी, कुणाचे थकलेले हप्ते
यातून येऊन गेले असतील,
आता एक कणही शिल्लक नाही.
वीज गेली की हिला काहीच आठवत नाही, म्हणाला.
आठवायचं काम डिस्कचं.

डिस्क दोनशे चाळीसची.
कशाला एवढी? माझं सगळं मिळून नव्वद भरतंय.
"असू दे काका. लागतंय की."
तेव्हा मी हसलो. त्याला कळलं नाही.

ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं.
फुटाला एक सूत.
म्हणून आमची फूटपट्टीच वेगळी,
तिचा इंच खऱ्या इंचाहून अंगुळभर नाही, केसभर मोठा.
नवीन पोराच्या हातात दिली की ते म्हणायचं, मेस्त्री, ही खोटी आहे.
खोटी नव्हे रे. पुढचं बघून केलेली आहे.

रात्रभर जुनी डिस्क नवीत उतरत राहिली.
पहाटे उठून बघितलं:
सगळं आलं, एक फाईल सोडून.
गडमुडशिंगीच्या फौंड्रीसाठी काढलेलं
चार इंची पंपाचं ड्रॉइंग.
तिथं जुन्या तबकडीला चरा पडलेला.
फौंड्रीच्या जागेवर आता मंगल कार्यालय आहे.

सगळी झाकणं लावली. एक स्क्रू उरला. उरू दे.
बटण दाबलं.
तीनदा ओरडला. पट्टी पुन्हा दाबली,
दोन्ही बाजूंनी टक् झाल्यावर गप्प बसला
आणि एकोणीस सेकंदांत समोर येऊन उभा राहिला.
आतून कुमुदचा आवाज:
"बंद पडला काय ओ? आवाज नाही."
चालू आहे, म्हटलं.
"अजून आधणसुद्धा ठेवलं नाही मी."

मग ती पट्टी काढली, कागद पसरला,
पेन्सिलीला टोक केलं.
बाहेरचा वेढा हाताला आठवला, तोंडाचा कल आठवला,
बोल्टांची भोकंसुद्धा आली आपापल्या जागी.
फक्त आतल्या रिबा चार होत्या का पाच
ते काही केल्या येईना.
कुमुदला विचारलं. ती म्हणाली, मला काय विचारताय.

पाच काढल्या.
जरा जास्त असू दे.
थंड झाल्यावर बघू.