नजरी नकाशा

आधी उत्तर दाखवा, असं प्रशिक्षणात सांगितलेलं.
मी बाण काढला.
अंकणवाडीच्या उत्तरेला काहीच नाही.
म्हणजे माळ आहे,
माळावर कुसळ, कुसळात होले,
आणि पार कडेला तीन पवनचक्क्या,
त्यातली एक बंद.
पण यातल्या कशालाच खूण ठरलेली नाही.

पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण,
माणूस राहत नसेल तर आत रेघोट्या.
ओढ्याला दोन नागमोडी रेषा.
त्या मी काढल्या, पाणी असल्यासारख्या.

गावठाणात घरं चौदा, एकमेकांना टेकून.
बाकीचं गाव वस्त्यांवर,
पाखडताना वारं सुटावं
आणि दाणे लांब लांब पडावेत तसं.
कोरेवस्तीपासून हाक्केवस्ती किती, विचारलं
तर मायाप्पा कोतवाल म्हणाला, दोन बिड्या.
दुसरी विझत आली तेव्हा
कुत्रं भुंकलं. घर अजून दिसत नव्हतं.

एकोणीस दारांना कुलूप.
कुलपाच्या वर गेरूनं नंबर घातले.
माणसं कोयते घेऊन गेलीत नदीकाठाला,
चुलीसकट, कोंबड्यांसकट.
राहतं घर की न राहतं?
मायाप्पा फटीतून आत बघून म्हणाला,
मांजर हाय की.
मांजर असल्यावर रिकामं कसं?

निंगव्वा कोरेची जन्मतारीख एक जानेवारी.
तिच्या जावेचीही. दिराचीही.
आधार कार्ड काढायला आलेल्या पोरानं
अर्धी अंकणवाडी एकाच दिवशी जन्माला घातली.
मातृभाषा?
ती शेळीशी कन्नड बोलते, सुनेशी मराठी,
आणि सुनेवर रागावली की परत कन्नड.
रकाना एकच होता.
मी शेळीचं ऐकलं.

हाक्केवस्तीवर बिराप्पा एकटा, वाघरीचं जाळं सांधत.
माणसं मोजा, म्हणाला, मेंढरं मोजू नका.
मोजली की कमी होतात.
मग संध्याकाळी कळतं कसं, सगळी आली का?
हातातली सुई थांबली नाही.
"किती हायेत ते मला ठावं न्हाई, मास्तर.
कुठली न्हाई, ते ठावं हाय."

परतताना मी मनातल्या मनात बेरीज करत होतो
आणि ती जुळत नव्हती.
दोनशे सहा लिहिलं होतं.
शाळेच्या पटावर सत्तावीस, वर्गात आठ.
ही एकोणीस पोरं कुठं आहेत मला माहीत होतं
आणि कुठली, तेही.
श्रीमंत, ज्याला पाढे येत नाहीत. काशीबाई, जी डावरी आहे.

रात्री पलूसहून बायकोचा फोन.
आपल्या मळ्यात तोड आली, म्हणाली,
विहिरीपलीकडं कोप्या पडल्यात सहा-सात,
तुमच्या तिकडचीच माणसं.
एक पोरगी पाणी मागायला येते,
डाव्या हातानं घागर उचलते.
गणनेचे मास्तर आले होते.
आपल्या घरात तीन लिहिले, तुम्हांला धरून.
कोप्यांवर त्रिकोण काढले त्यांनी.

मी म्हटलं, तिला वही दे एखादी.

मग कंदिलाच्या — नाही, वीज होती त्या रात्री —
बल्बच्या उजेडात नकाशा पुरा केला.
निंगव्वानं दुपारी त्यावर बोट ठेवून विचारलं होतं,
ह्यात तुमी कुठं?
शाळा दाखवली होती मी तिला.
शाळा आणि मागची खोली:
माझी वळकटी, स्टोव्ह, दोरीवरचा सदरा.

नियमानं तिच्यात रेघोट्या मारल्या.
पेन्सिल बोथट होती, दोनदा गिरवावं लागलं.
बाहेर टँकर आला होता, वेळ चुकून, रात्री सव्वादहाला,
आणि चौदा घरांमधून
दोनशे सहांपेक्षा कितीतरी जास्त भांडी
वाजत बाहेर पडली.